मागच्या कप्प्यातले दिवे

वहाबच्या बोटांना अंधारातही दिसतं, असं देऊळगाव राजात लोक म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, कारण बॉनेटखाली मान घातली की या माणसाला समोरून सख्खा भाऊ गेला तरी कळायचं नाही. पण गाडीच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. बायको नसीमा त्याच्या जोडीनंच काम करायची. तो गाडीत शिरायचा आणि ती बाहेर बसून वायरींना सोल्डरचे डाग द्यायची. मूलबाळ नव्हतं, पण दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. नसीमा दोन दिवस माहेरी गेली, तर वहाब दुकान उघडून नुसता बसून राहायचा.

अशात मे महिन्यातल्या एका दुपारी भगवंतरावांनी त्याला बोलावून घेतलं.

भगवंतराव पूर्वी कापूसवाले. महागाचं बीटी बियाणं आणूनही बोंडअळीनं लागोपाठ पीक खाल्लं, तेव्हा त्यांनी जमीन बटईनं दिली आणि एक जुनी लांबलचक गाडी विकत घेतली. जालन्याच्या गॅरेजवाल्याकडून आत पलंग, गॅसचा ओटा, हात धुवायचं भांडं असं सगळं बसवून घेतलं. आता लोणार पाहून शेगावला जाणारी कुटुंबं ती भाड्यानं नेत, रात्री तिच्यातच झोपत. सगळं ठीक होतं, फक्त दिव्यांची तक्रार होती.

"पिवळे बल्ब हायेत, भट्टीसारखे तापते," भगवंतराव म्हणाले. "पहाटेपर्यंत बॅटरी खाऊन टाकते. मंग पाहुणे अंधारात बसते अन् मले फोन करते. सारे एलईडी टाकून दे."

"अन् मागचे आधी बसव," त्यांच्या पत्नी मंजुळाबाई घराच्या ओट्यावरून म्हणाल्या. "लाईट गेला की मागच्या कप्प्यात लेकरं लय रडते. काऊन रडते, त्यायलेच माहीत."

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. तिथं पूर्वी कापसाची गंजी लागायची. काचांना काळी फिल्म आणि मध्ये जाड पडदा, त्यामुळे भर दुपारीही आत काळोख होता. मागच्या कप्प्याच्या छताला गोल दिव्यांची रांग होती. गॅरेजवाल्यानं बाकी सगळं बदललं, पण हे दिवे आणि खालचा लांब बाक गाडीचे मूळचेच राहिले होते.

वहाबचा एक नेम होता. बॅटरीची मायनस वायर काढल्याशिवाय तो कुठल्याच गाडीला हात लावत नसे. ती त्यानं काढली. नसीमा दाराच्या पायरीवर बसून एलईडीच्या चकत्यांना वायरी जोडत होती. या चकत्यांचं एक नखरेल काम असतं. जुना बल्ब कसाही लावा, पेटतो. एलईडीचा प्लस उलट लागला की तो ढिम्म पेटत नाही.

वहाब पडद्यामागे गेला. मोबाईल बाहेर चार्जिंगला होता, पण त्याची पर्वा कोणाला? त्यानं चाचपून जुने बल्ब काढले. आत तापलेल्या पत्र्याचा वास होता. थोड्या वेळानं त्यात दुसरा वास मिसळला. ओला, हिरवा, नुकत्याच खुडलेल्या पाल्याचा. आणि त्याच्या तळाशी फवारणीच्या औषधाची उग्र झाक. जुनी पोती पडली असतील कुठं, असं त्याला वाटलं.

"दे," तो म्हणाला आणि त्यानं हात मागे केला.

तळहातावर चकती आली. बोट फिरवलं, तर एका वायरीला दोऱ्याची बारीक गाठ होती. वायर जाडसर, म्हणजे प्लसचीच. अंधारात हाताला कळावं म्हणून नसीमानं खूण केली होती तर. वहाब मनातल्या मनात खूश झाला. बायको करावी तर अशी.

"दे."

पुन्हा चकती, पुन्हा गाठ. देणारी बोटं जरा गार लागली आणि चिकट. मधूनमधून मागे बारीक आवाज येत होता, टिच... टिच... नखानं काहीतरी खुडल्यासारखा. वायर सोलतेय, त्यानं ठरवून टाकलं.

"थकली का वं?" त्यानं लाडानं विचारलं. उत्तर आलं नाही. नसीमा फुगली की असंच करायची.

रांग संपत आली. शेवटच्या दिव्यासाठी त्यानं हात मागे केला. या वेळी चकती आलीच, पण तिच्यासोबतचा हात परत गेला नाही. तो त्याच्या तळहातावर तसाच विसावला. लहान होता. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा असावा एवढा.

आणि त्याच क्षणी अंगणापलीकडून, मंजुळाबाईंच्या ओट्यावरून, नसीमाचं हसू ऐकू आलं.

तो लहान हात अजून वहाबच्या हातात होता. मग अगदी कानाशी, दमल्या आवाजात कोणीतरी विचारलं,

"सकाळ झाली का...?"

पडदा कसा ओढला, गुडघा कुठं आपटला, त्याला कळलं नाही. तो बाहेर आला तेव्हा अंगणात ऊन होतं आणि नसीमा बशी झाकलेला कप घेऊन येत होती.

"तू... कुठं होती?"

"चहाले बलावलं मंजुळाबाईनं. तुमचा घेऊन आली. काऊन हो, असे पांढरे काऊन पडले?"

"चकत्या कोणी दिल्या मले? अन् तो धागा... तू बांधला ना?"

"कोणता धागा?"

वहाबनं मायनस वायर परत लावली, दारातूनच बटण दाबलं. पांढराशुभ्र उजेड पडला. मागचा कप्पा रिकामा होता. सगळे दिवे जागच्या जागी होते, शेवटचाही, जो त्यानं लावलाच नव्हता. आणि प्रत्येक दिव्यापासून लाल धाग्याचं टोक लोंबत होतं.

तो अडवायच्या आत नसीमा आत गेली. तिनं एक गाठ बोटात धरली आणि खालीच बसली.

"ही... तीच गाडी हाये," ती म्हणाली. "रंग दुसरा दिला म्हणून वळखू आली नाही."

मग तिनं सांगितलं. लहानपणी ती बियाण्याच्या कापसात क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं पराग लावायच्या, कामाला जायची. गावोगावच्या पोरी एका गाडीत भरून नेत. संध्याकाळी कळी नखानं सोलायची, तिच्यातला नर काढायचा आणि देठाला लाल धागा बांधायचा. सकाळी जोडीदारणीनं येऊन धागा पाहायचा आणि त्या कळीला पराग लावायचा. धागा म्हणजे, इथं सकाळी परत यायचं हाये. नसीमाची जोडीदारीण कोकिळा होती.

"फवारलेल्या वावरात दिवसभर वाकून तिले भोवळ आली. इथंच, मागं झोपवलं. ती म्हणे, लाईट ठेवा, मले अंधाराचं भेव वाटते. डायव्हर म्हणे, बॅटरी उतरंल. बंद केला अन् दाराले कुलूप घातलं. आमाले ट्रॅक्टरनं घरी धाडलं..." नसीमाचा आवाज बसला. "मी तिले म्हटलं होतं, सकाळी येते तुले न्यायले. अन् दुसऱ्या दिवशी मले दुसऱ्याच गावच्या वावरात नेलं. ती त्याच राती इथंच मेली, हे मले लय दिवसानं समजलं."

"चाल इथून," वहाब म्हणाला. त्याला कोकिळाची कीव आली नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती वाटली ती नसीमाच्या नजरेची. ती रिकाम्या बाकाकडे बघत होती, जसं आपण ओळखीच्या माणसाकडे बघतो.

भगवंतराव उजेड पाहून खूश झाले. "रातभर चालूच ठेवतो. पाहू बॅटरी किती टिकते," असं म्हणत त्यांनी दाराला कुलूप लावलं.

घरी नसीमा जेवली नाही. वहाबनं आतून कडी घातली आणि लहान पोरासारखं तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून आडवा झाला. झोपायचं नाही असं ठरवूनही त्याचा डोळा लागला. फजरच्या अजाननं जाग आली तेव्हा ओढणी मुठीत होती. कडी आतून तशीच होती. नसीमा नव्हती.

भगवंतरावांच्या शेडपर्यंत त्यानं मोटारसायकल कशी पळवली, ते त्याचं त्याला ठाऊक. फटफटत होतं. गाडीच्या काळ्या काचांतूनही पांढरा उजेड झिरपत होता. कुलूपही जसंच्या तसं होतं. झोपेतून उठून आलेल्या भगवंतरावांनी किल्ली लावली आणि ते दोन पावलं मागे सरकले.

नसीमा मागच्या बाकावर बसली होती. दिव्यांचे सगळे धागे सोडून तिनं मांडीवर गोळा केले होते. तिची बोटं परागानं पिवळीधमक झाली होती. मे महिन्यात, जेव्हा पंचक्रोशीत कापसाचं एक फूल नसतं.

"झालं," ती म्हणाली. "चला आता घरी."

वहाब तिथंच रडला. जिवंत आहे, बोलतेय, अजून काय पाहिजे माणसाला? त्यानं तिला हाताला धरून खाली उतरवलं, मोटारसायकलवर बसवलं, आणि भगवंतरावांना एका शब्दानं काही न विचारता निघाला.

बसस्टँडच्या अलीकडच्या चढावर मोटारसायकल दम खाऊ लागली. रोज दोघांना घेऊन ती हाच चढ लीलया चढायची. आज मागचं चाक दबलं होतं, हँडल हलकं झालं होतं. वहाबनं पहिला गिअर टाकला. मागून नसीमा हळूच काहीतरी बोलली. ते त्याच्यासाठी नव्हतं.

"भिऊ नको... आलंच घर."

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. घर आलं, त्यानं दार उघडलं. आतली खोली अजून काळोखात होती.

"आधी लाईट लावा," नसीमा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

वहाबनं बटण दाबलं. नसीमा दारातून जराशी बाजूला सरली, अंग चोरून उभी राहिली, आणि तिनं कोणाला तरी आधी आत जाऊ दिलं.