तीन नंबरचं कपाट

मोबाइल खिशात घाला, मग सांगतो. हे माझ्या साडूचं आहे. खोटं वाटलं तर उठून जा.

एका मोठ्या दवाखान्याच्या सगळ्या नोंदी एका यंत्रात असत. यंत्र म्हणजे काचेच्या दाराची उंच कपाटं. दवाखान्याबाहेरच्या एका इमारतीत रात्री ती साडू सांभाळी. तिथे नोंद झाली की त्याच क्षणी चार मैलांवरच्या दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात तशीच उमटे. एकीकडे आग लागली तरी दुसरीकडे सगळं शाबूत. त्या दुसऱ्या इमारतीचा पहारेकरी मी.

अकरा तारीख, गुरुवार. रात्री दोनला पाच कमी. साडूचा फोन आला.

"साडूभाऊ, जागे आहात की घोरण्याचा पगार घेताय?"

"काम बोल."

"नोंदींची एक जुनी नक्कल पुसतोय. तुमच्या तीन नंबरच्या कपाटाचा हिरवा दिवा विझला की सांगा. पाच मिनिटांचं काम."

मी आत गेलो. दिवा विझला. सांगितलं. तो हसला.

दिवा पुन्हा लागला.

मग वास आला. ओकारीचा. त्यात गोड औषधाचा. काचेवर, आतल्या बाजूने, एक पंजा. लहान. पिवळट. ओघळत होता. कुलूप जसंच्या तसं.

"साडूभाऊ... माझ्या काचेवर..."

"हात?"

मी विचारलं. फोनमधून किल्लीचा आवाज आला. मग फडक्याने पुसल्याचा.

माझ्या काचेमागे डाग हलला. डावीकडे. उजवीकडे. काच स्वच्छ झाली. आत कोणी नाही...

पुन्हा पंजा.

"काय पुसतोयस तू?"

"बोल!"

बोलला. सोमवारी रात्री नक्कल काढायची चाचणी करताना त्याने दिशा उलटी दिली होती. सकाळची नक्कल ताज्या नोंदींवर चढली. दोन्ही इमारतींत, एकाच क्षणी. चूकही जशीच्या तशी पोचते. दिवसभराच्या नोंदी गेल्या. त्यात एक ओळ होती: सहा वर्षांच्या मुलीला अमुक इंजेक्शन चालत नाही, आईने सांगितलं. पहाटे तेच टोचलं. पोर ओकत ओकत गेली. दवाखाना म्हणाला, आईने सांगितलंच नव्हतं. सासरच्यांनी तिलाच मारेकरी ठरवलं.

संध्याकाळची एक नक्कल याच्यापाशी वेगळी होती. रात्रीच परत चढवली असती तर पोर वाचली असती. पण चूक उघडी पडली असती. आता सकाळी चौकशी, म्हणून तीही पुसत होता.

"खरं सांगून टाक," मी म्हणालो.

"नोकरी जाईल हो. मलाही लेकरं आहेत."

मला किळस आली. वासाची नाही. त्याच्या तोंडच्या त्या 'लेकरां'ची. फोन ठेवला.

चौकशीत तो तोंड वर करून म्हणाला, "अशी नोंद नव्हतीच."

मी बोलायला उभा राहिलो. गरज पडली नाही. त्या आईने पिशवीतून कागद काढला. तीच ओळ, संध्याकाळी सहा वीसची. खाली छापल्याची वेळ: रात्रीचे दोन दहा. पहाटे दाराखालून आत सरकला, म्हणाली.

दोन्ही इमारतींत छापायचं यंत्र नाही. कधीच नव्हतं.

आईच्या माथ्यावरचा डाग गेला. साडूच्या घरचं पाणी मी त्यानंतर प्यायलो नाही.

सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्या आईने तो कागद माझ्या हातात दिला. कोपऱ्यावर अंगठा उमटलाय. एवढासा.

मी बोट लावून पाहिलं...

अजून ओला आहे.