डावीकडे उभी असलेली

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई फोटो स्टुडिओत आल्या त्या एका साध्या कामासाठी. त्यांच्या जुन्या वर्गाचा फोटो शाळेच्या सभागृहात लावायचा होता. पण भिंतीवरची जागा लांबट आणि फोटो आखूड. "जरा दोन्हीकडून वाढवून द्या," असं शिंप्याला सांगावं तसं सांगून त्या निघून गेल्या.

फोटोवाल्या काकांना हसू आलं. त्यांच्या मते फोटो काढायचा असतो, वाढवायचा नसतो. पण लेकीने नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. फोटोची कड माउसने धरून ओढली, की चौकटीबाहेर काय असेल ते यंत्र रचून दाखवायचं. वर तीन-तीन नमुने, आवडेल तो ठेवा!

भर दुपारी, लेक जेवायला घरी गेली असताना काकांनी डावी कड ओढली. शाळेची भिंत आली, पायऱ्या आल्या, आणि अगदी टोकाला एक हात आला. हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

काकांनी माउस सोडून दिला. तो अंगठा याच दुकानाच्या शटरमध्ये चेंगरला होता.

ती त्यांची बायको. जिथे फोटो असेल तिथे ती बरोबर जायची आणि चौकटीच्या जरा बाहेर, कायम डावीकडे, तक्ता धरून उभी राहायची. खिडकीतला उजेड तक्त्यावर पडून माणसाच्या सावलीतल्या गालावर यायचा. अख्ख्या गावाचे चेहरे तिने उजळले, पण तिचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "माझा काढलात तर उजेड कोण धरेल?" म्हणून ती हसून टाळायची. ओळखपत्रावरचा धुरकट फोटो तेवढा होता, त्यालाही ती 'ही कुणी दुसरीच' म्हणायची. चौदा वर्षांपूर्वी ती गेली. लेक तेव्हा बारा वर्षांची.

तक्ता काकांनी माळ्यावर टाकला. त्यानंतर फोटोत लोकांचा डावीकडचा गाल अंधारात जायला हवा होता. तो कधी गेला नाही. लेक म्हणायची, "नवा कॅमेरा आतल्या आत सावल्या उजळतो, बाबा." काका मान डोलवायचे. आपल्याला कुठे कळतं यातलं!

आता मात्र त्यांना चैन पडेना. कड आणखी ओढली. कोपर आलं, खांदा आला, साडीचा पदर आला. चेहरा येईना. येई तो तक्त्याआड, नाहीतर पाठमोरा. काका रोज दुपारी ओढत राहिले. त्यांना एकच हवं होतं, तिला एकदा पाहायचं होतं. चौदा वर्षांत तिचा चेहरा त्यांच्या मनातून पुसट होत चालला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. लाज वाटायची.

लेकीला सुगावा लागलाच.

"बाबा, ते मनानं रचतं हो. त्याला आई माहीत नाही."

"मग नख कुठून आलं?"

ती हळूच म्हणाली, "एक सांगते. चेहरा निवडू नका. निवडलात की ते तोच लक्षात ठेवतं... पुढे सगळीकडे तोच येतो."

"मग बरंच आहे की."

पाचव्या दिवशी तीन चेहरे आले. पहिल्या दोघी सरळसरळ परक्या. तिसरीचं नाक थोडं तिच्यासारखं होतं. म्हणजे... असावं. काकांनी डोळे मिटून ताडून पाहायचा प्रयत्न केला, पण ताडायला आत काही उरलं नव्हतं. आणि माणूस तहानेला असला की पाणी गाळून पीत नाही. त्यांनी तिसरीवर बोट ठेवलं.

संध्याकाळी लेकीने पडद्याकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"ही आई नाही."

"मग आई कशी होती? सांग ना."

लेकीने तोंड उघडलं. "आईचे डोळे..." ती थांबली. पुन्हा म्हणाली, "आईचे डोळे..." आणि रडायलाच लागली. "बाबा, मला हीच दिसतेय... डोळे मिटले तरी हीच."

दोघंही त्या रात्री जेवली नाहीत.

सकाळी बाई आपला फोटो न्यायला आल्या. लेक उशिरा येणार होती, दुकानात काका एकटेच. बाई म्हणाल्या, "आलेच आहे तर पासपोर्टचा एक काढून घ्या."

त्या स्टुलावर बसल्या. काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. डावीकडचा गाल छान उजळला होता, नेहमीपेक्षा जास्तच. बाईंनी डोळे किलकिले केले.

"यांना जरा तक्ता खाली धरायला सांगा ना. डोळ्यांवर येतंय."

काकांचा डोळा कॅमेऱ्यालाच राहिला. तो काढायची त्यांची हिंमत झाली नाही.

"कोणाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"या काय, इथे उभ्या आहेत त्यांना. पूर्वी ताई असायच्या, शाळेतही यायच्या. किती हसऱ्या! या नव्या ठेवल्यात वाटतं?"

एक वेडी आशा अजून शिल्लक होती.

"बाई... त्यांच्या अंगठ्याचं नख... दुभंगलंय का हो?"

बाईंनी तिकडे नीट निरखून पाहिलं.

"नाही हो. चांगलं अख्खं आहे," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही फोटो पटकन काढा आता. त्या तक्ता ठेवून तुमच्याकडेच निघाल्यात."