यंत्राला न दिसलेल्या मुली

हॉस्पिटलातून फोन आला. सुकन्याआजी वारली होती. गिरीशआजोबांनी फोन खाली ठेवला, तोच घरातला रोबो गोट्या पुढे आला.

"उद्याच्या बारशाची तालीम रद्द करू का?"

"कसली तालीम?"

"आजी कुठेही जायच्या आधी माझ्यासमोर सराव करत. कधी हसायचं, बाळाला बघून काय म्हणायचं, किती वेळानं उठायचं. मी असेपर्यंत कुणाला सांगू नकोस, म्हणाल्या होत्या."

आजोबांना एकेक आठवू लागलं. अडतीस वर्षांचा संसार. समारंभाहून आली की ती पडदे ओढून पडून राही. आणि आजोबा म्हणत, "चार माणसांत गेलं की तुझं डोकं बरं दुखतं!" म्हणे मी शास्त्रज्ञ!

पंधरा दिवसांनी दहा वर्षांची नात मिहिका शाळेतून आली आणि दप्तर फेकून पलंगाखाली शिरली. रोजचंच होतं ते. आज मात्र आजोबा गुडघे टेकून खाली वाकले.

"शाळेत हसलीस का गं?"

"हो. एक, दोन, तीन मोजायचं, मग हसणं बंद. नाहीतर सगळ्या बघतात."

आजोबांचं डोकं तापलं. मुलांच्या अडचणी ओळखणाऱ्या शाळेतल्या तपासणी यंत्रानं मिहिकाला 'अडचण नाही' असा शेरा दिला होता. त्यामुळे गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी असलेल्या शांत खोलीत तिला बसता येत नव्हतं. ते यंत्र आजोबांनीच बनवलं होतं.

"यंत्र चुकलं?" तिनं विचारलं.

"मी चुकलो. यंत्र नमुने (शिकण्यासाठी दिलेली उदाहरणं) पाहून शिकतं. पक्षी म्हणून त्याला नुसते कावळेच दाखवले, तर बुलबुल बघून ते काय म्हणेल?"

"हा पक्षी नाही."

"बरोबर."

"मग तो उडतोय कसा, हे नाही विचारत? बावळटच आहे!"

"बावळट मी. स्वमग्नता (जगाकडे बघण्याची, आवाज-गर्दी जाणवण्याची मेंदूची वेगळी घडण) ओळखायला मी त्याला जवळजवळ सगळे मुलगेच दाखवले. अनेक मुली, काही मुलगेसुद्धा, इतरांचं बघून बघून तसंच वागायला शिकतात. याला मुखवटा चढवणं (आपली अडचण लपवणं) म्हणतात. बाहेरून सगळं छान. आतून माणूस थकून जातं."

"मी आजारी आहे?"

"मुळीच नाही. तू दमली आहेस."

पलंगाखालून एक हात बाहेर आला. आजोबांनी तो धरला.

दुसऱ्या दिवशी दोघं मुख्याध्यापिका कर्णिकबाईंसमोर उभे राहिले.

"अहो, केवढी गोड हसते ती! आणि यंत्राचा शेरा स्वच्छ आहे."

"ती हसणं मोजते, बाई!" आजोबांचा आवाज चढला. "तुमच्या त्या यंत्राचा बाप मी आहे. तुम्ही यंत्राला विचारलंत. मुलीला विचारलंत का?"

 बाई मिहिकाकडे वळल्या. "काय होतं गं तुला वर्गात?"

मिहिकानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीकडे बघत बोलली. घंटेबद्दल, डब्यांच्या वासांबद्दल, सगळ्या एकदम बोलतात त्याबद्दल. वीस मिनिटं बोलली. बाईंनी शांत खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

आजोबांनी यंत्राला नव्यानं शिकवायला घेतलं आहे. पहिला नमुना मिहिकानं स्वतः सांगून दिला. असे हजारो नमुने लागतील. ते अजून मिळालेले नाहीत. चारशे बारा शाळांतली यंत्रं आजही मिहिकासारख्या मुलींना 'अडचण नाही' असाच शेरा देत आहेत.