मागच्या सीटवरचा शर्ट

लाइट येईपर्यंत ऐका. आर्या, तुझ्या कुत्रीला गाडीतून गावाला न्यायचंय ना? मग कव्हर झोळीसारखं घे. दोन पट्टे पुढच्या सीटच्या डोक्यांना, दोन मागच्या. सीटला केस नाही, नख नाही, ओल नाही. वजन बसलं की पुढचा पट्टा कुरकुरतो, तेवढं चालायचंच. वालीवला सीट कव्हरं शिवण्यात माझी बावीस वर्षं गेली, एवढं कळतं मला.

नव्या कव्हरवर बसलीच नाही तर, म्हणतेस? त्यावर युक्ती आहे. पण ती मी आता कुणाला सांगत नाही. का, ते ऐक.

वटारच्या श्रीपतकाकांची केळीची वाडी. टेम्पोची सीट शिवायला माझ्याकडेच यायचे. वाडीत शर्ट उघडा टाकून फिरतील, पण गाडीत बसायचं म्हटलं की गळ्यापर्यंत बटणं. मी चिडवायचो, "काका, नवरदेव झालात की काय?" म्हणायचे, "गाडीत मानूस नीट बसावा, शेठ."

काका गेले तेव्हा मी उशाशीच होतो. मुलाचा, विघ्नेशचा, हात धरून त्यांनी एकच विचारलं, "माझ्या मागं भुऱ्याला पानी कोन देईल?" भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा.

विघ्नेश म्हणाला, "मी आहे ना, बाबा."

तेराव्यानंतर चारच दिवसांनी तो दुकानात आला. "शेठ, भुऱ्याला फुलपाड्याच्या फ्लॅटवर नेतोय. गाडी नवीन आहे, कव्हर द्या. पण साला गाडीत चढतच नाही!" मला भरून आलं. कव्हर मी स्वतः बांधलं आणि युक्तीही दिली. काकांचा न धुतलेला शर्ट कव्हरवर पसर, मुकाट बसेल.

खुंटीवरचा शर्ट निघाला. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला. भुऱ्या शेपूट हलवत चढला.

मंगळवार, अठरा नोव्हेंबर. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. गाडी फुलपाड्याला गेलीच नाही. हायवे ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी थांबली. विघ्नेशने शर्ट गवतात भिरकावला. भुऱ्याने त्यामागे उडी घेतली. दार बंद. गाडी सुरू. आरशात दिसलं, भुऱ्या मागे धावत नव्हता. शर्टाशेजारी बसला होता. वाट बघत.

हे आणि पुढचं विघ्नेशनेच मला सांगितलं.

हायवेला लागला आणि शेजारच्या रिकाम्या सीटला बांधलेला कव्हरचा पट्टा कुरकुरला. खड्डा असेल. पुन्हा कुरकुरला. मग धापा… कुत्रं जीभ काढून टाकतं, तशा. त्याने काचा खाली केल्या. वारा आत आला. धापा होत्याच.

मग दुसरा पट्टा. त्याच्या मानेमागचा.

सीटचं डोकं मागे ओढलं गेलं. कुत्र्याचं एवढं वजन नसतं. चिकाचा वास आला. आरसा समोर होता. त्याने वर पाहिलं नाही.

"बाबा…?"

…

फुलपाड्यापर्यंत पट्टा तसाच ताणलेला राहिला.

सकाळी सातला गाडी माझ्या दुकानासमोर. "शेठ, मागचं दार तुम्ही उघडा. माझ्याने होत नाही."

"भुऱ्या कुठाय?"

तेव्हा तो सगळं ओकला. फ्लॅटवर न्यायचं कधी ठरलंच नव्हतं. धंद्यात फसवणारे पुष्कळ भेटले, पोरांनो, पण मेलेल्या बापाचा वास दाखवून मुक्या जिवाला फसवणारा तो एकच. आणि ती युक्ती माझी.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं डोंगराखाली हाका मारत फिरलो. दुसऱ्या दिवशीही. गवत दबलेलं होतं, बस्स. भुऱ्या आजवर सापडला नाही.

पण त्या सकाळी, निघण्याआधी, मी मागचं दार उघडलं होतं.

कव्हरवर तो शर्ट होता. दवाने भिजलेला. बाह्यांना गवताची कुसळं.

आणि सगळी बटणं लावलेली… गळ्यापर्यंत.