दिसत नसलं तरी जातंय आत

ए शीतल, तो चहा ठेव खाली आणि आधी ऐक! मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

आमची केळीच्या रोपांची नर्सरी माहितीये ना तुला, नशिराबादच्या पुढे? त्या सोमवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप उघडेचना. गेटवर आठ पिकअप उभ्या, रोपांचे ट्रे उन्हात, आणि कुणाची किती रोपं बुक आहेत ती यादी धुळ्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर! एरंडोलचे सुकदेव आबा तर माझ्या खिडकीशीच येऊन उभे. "माय वं, बठ्ठा रोपं सुकी जातीन ना!"

धुळ्याला फोन केला होता, दोन तासांनी तो आला. धुळ्याच्या ऑफिसचा तेजस. बाईकवरून. हेल्मेट काढलं तर केस सगळे चपटे... हसू नको गं!

"सर्व्हर मस्त चालू आहे," तो म्हणाला, "इथलं अ‍ॅपच बिघडलंय. आपण थेट सर्व्हरलाच विचारू." त्याने स्क्रीनवर ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, आणि स्वतः बसला नाही! खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही लिहा. उद्या मी नसलो तर?"

दुसरा कोणी असता तर "हटा मॅडम" म्हणाला असता!

तो सांगत गेला, मी लिहिलं. मायएसक्यूएल, डॅश एच, पुढे धुळ्याच्या सर्व्हरचा पत्ता, डॅश यू, पुढे 'दिपमाला', शेवटी नुसतं डॅश पी.

"पासवर्ड त्या ओळीत नको, मागे राहतो, कोणीही वाचेल. एंटर दाबा, सर्व्हरच विचारेल."

सर्व्हरने विचारलं. आणि हा वळला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला! कुणी सांगितलं नव्हतं. मी टाइप केलं... स्क्रीनवर काहीच नाही. एक ठिपकासुद्धा नाही! वाटलं, कीबोर्ड गेला. म्हणून तोच पासवर्ड परत टाइप केला. एंटर. नकार! परत तसंच. परत नकार! आबा खिडकीत खोकले.

"दोनदा टाकताय का?" हा भिंतीलाच विचारतोय.

"तुम्ही बघताय!"

"नाही हो, ऐकतोय. एवढा लांब पासवर्ड कोणाचा असतो?" मग हळूच म्हणाला, "दिसत नसलं तरी जातंय आत. एकदाच टाका... निवांत."

एकदाच टाकला. उघडलं! त्याने सांगितलेली एक ओळ लिहिली आणि धडाधड नावं, गावं, ट्रे... आबांचं नाव तिसरं!

"पोर हुशार शे!" आबा म्हणाले. मला म्हणाले, हं!

"आहेच," तेजस म्हणाला. माझ्याकडे न बघता...

मग तो अ‍ॅप दुरुस्त करायला चार दिवस थांबला, पिंप्राळ्याला मामाकडे. मी काळ्या खिडकीतून याद्या काढायचे, तो पलीकडे बसून अ‍ॅपशी भांडायचा. अ‍ॅप नीट झालं की हा धुळ्याला जाणार. शीतल, मी रोज देवाला म्हणायचे, बिघडलेलंच राहू दे!

गुरुवारी झालं नीट. हा गेटवर, हेल्मेट हातात.

"आता काळी खिडकी लागणार नाही तुम्हाला."

"लागेल की. शिकलेय मी."

तो हेल्मेटचा पट्टा नुसताच ओढत राहिला. "चार दिवस मीसुद्धा काहीतरी टाइप करतोय... तुम्हाला दिसत नाहीये."

"दिसत नसलं तरी जातंय आत." बोलले, आणि जीभ चावली!

त्याचे कान लाल. "मग उघडत का नाहीये?"

"एंटर कुठे दाबलंत?"

"दिपमाला, मला तुम्ही खूप आवडता." एका दमात! मग मोबाइल माझ्या हातात दिला. "उत्तर लिहा. मी बघत नाही." आणि वळला, नर्सरीच्या बोर्डाकडे तोंड करून... अगदी सोमवारसारखा.

मी 'हो' लिहिलं. मग परत लिहिलं. मुद्दाम.

त्याने वाचलं, आणि असा हसला ना... "दोनदा टाकलंत?"

आता बोल! तू असतीस तर कितीदा लिहिलं असतंस?