उरलेल्या पेट्रोलवर

वाटलं होतं, परदेशात शिकून सिल्वासाला परतले की घर पाठीशी उभं राहील. मिळालं ते घट्ट मिटलेलं तोंड आणि सारखी बंद पडणारी गाडी. जवळच्या राखोलीत कारखान्यातल्या बायकांसाठी मी वर्ग काढत होते. पहिला वर्ग दुसऱ्याच दिवशी होता, सकाळच्या पाळीआधी. तेवढ्या पहाटे रिक्षा मिळत नाही. म्हणून माझ्या धाकट्या भावाची, मयूरची मोटरसायकल अंगणात घेऊन बसले. मयूर गेल्या वर्षी गेला.

त्याची बायको तन्वी उंबऱ्यात उभी होती. मी आल्यापासून ती कामापुरतंच बोले. हवं ते करा, म्हणाली, पण चालत्या इंजिनावर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करू नका. ती मयूरची खोड होती. घराजवळच्या वळणावर डावा हात खाली घालून तो कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर दारापर्यंत यायचा. त्याच वळणावर, हात खाली असतानाच, कंटेनरने त्याला चिरडलं.

तिन्हीसांजेला वीज गेली. टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटर उघडून जेटच्या बारीक भोकातला कचरा तारेने काढला, तो परत बसवला. हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर. इंजिन एका लयीत चालू लागलं. तेवढ्यात नळीतून पेट्रोल ठिबकताना दिसलं, आणि मी कॉक बंद केला.

थोड्या वेळात इंजिन विझायला हवं होतं. विझेना. मी चावी काढून घेतली. तरी आवाज चढत गेला... आणि तो माझ्यासमोरून येत नव्हता. रस्त्याकडून येत होता.

"कॉक बंद केलात ना," तन्वी हळूच म्हणाली. "म्हणजे तो वळणावर आलाय... पोचू दे त्याला."

मी कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळहात दाबला. हवा कोंडली की कुठलंही इंजिन मरतं. हात आत ओढला जायला हवा होता. उलट त्यावर ऊन, ओलसर श्वास आला. थांबला. पुन्हा आला. मग सगळं शांत झालं.

अंधारात तन्वी अगदी जवळ आली होती.

"ताई... कुठे थांबवलंत त्याला?"

पहाटे तळहातावर गोल वळ होता, आणि वळाच्या आत दातांचे ठसे. अंगणात तन्वी किका मारत होती. इंजिन धरत नव्हतं. दर किकेनंतर ती आधी वळणाकडे बघे, मग माझ्या खिडकीकडे.

मी पिशवी भरली. चालत राखोली गाठायची, वर्ग घ्यायचा, तिथेच खोली बघायची. या घरी परतायचं नाही. त्याला आता माझा हात ठाऊक झाला आहे.