तोंडाला तोंड

कोल्हापूरच्या मुखसंवाद प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी तासगावकरांनी मेळमापक सुरू केला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. पाणी हवं असेल तर बाहेर आहे."

"तुमच्याकडचं पाणी मला पचत नाही," म्हणत डॉ. मृण्मयी देवस्थळी बसल्या.

दोघींच्या मध्ये आयुक्त ढमढेरे होते. वृद्धनिवासातल्या आईवडिलांना मुलांनी महिन्यातून एकदा 'फेस टू फेस' भेटलंच पाहिजे, असा नियम होता. मृण्मयींची कंपनी प्रतिदेह बनवत असे. प्रतिदेह म्हणजे दूरच्या माणसाचा हुबेहूब यांत्रिक देह. माणूस तिकडे हसला की तो इकडे हसे. मुलाने प्रतिदेह पाठवला तर भेट झाली असं धरायचं का, हे आज ठरणार होतं. धरलं असतं तर त्या म्हाताऱ्यांकडे यापुढे सदेह कुणीच आलं नसतं.

"आधी शब्दाचं बघू," आयुक्त म्हणाले. "फेस टू फेस म्हणजे प्रत्यक्षच ना?"

"नाही साहेब," शर्वरी म्हणाल्या. "प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांपुढे. बाहुलंही डोळ्यांपुढे असतंच की. हे म्हणजे तोंडाला तोंड."

"म्हणजे भांडण?"

"बाईंना दुसरं येतं काय?" मृण्मयी पुटपुटल्या.

शर्वरींनी तिकडे लक्ष दिलं नाही. "माणसाचा चेहरा समोरच्या चेहऱ्याला उत्तर देत असतो. माझी भुवई हलली की तुमच्या गालाचा बारीक स्नायू हलतो, पापणी लवायच्या आत. प्रतिदेहाच्या बाबतीत माझी भुवई आधी मालकापर्यंत पोचायची, मग त्याचं उत्तर परत यायचं. उशीर होतो. डोळ्याला कळत नाही, मेळमापकाला कळतो. वेळेवर उत्तर, पडदा हिरवा. उशीर, की तांबडा. आजवर एकही प्रतिदेह सुटलेला नाही. आज आधी या स्वतः बसतील, मग यांचं बाहुलं."

"विचारा मग," मृण्मयी म्हणाल्या.

"लोकांच्या आयांना बाहुली विकताना लाज वाटते का?"

"तुम्हाला यंत्रामागे लपताना वाटते तेवढीच."

"शोधनिबंध माझे चोरायचे, वर तोंड करून बोलायचं!"

"चोरण्यासारखं असतं काय त्यात?"

पडदा हिरवागार राहिला. शर्वरींनी नोंद केली. "झालं. आता बाहुलं आणा, म्हणजे हा विषय संपेल."

"ते केव्हाचं बसलंय," मृण्मयी म्हणाल्या आणि मनगटावरची कातडी मागे सारली. आत तारा होत्या. "मी टोरांटोत आहे."

आयुक्त उठून उभे राहिले. शर्वरी पडद्यावर झुकल्या. "पण उशीर?"

"उशीर वाट बघणाऱ्याला होतो. मुलगा आईच्या हसण्याची वाट बघतो, मग हसतो. मी तुमची वाट बघतच नाही. तुमची भाषणं रोज बघते, नेमानं, पोथी वाचावी तशी. कुठल्या शब्दाला तुमचं नाक फुगतं, कुठे ओठ मुडपता, सगळं पाठ आहे. भुवई हलायच्या आधीच माझं उत्तर निघालेलं असतं. वैऱ्याच्या अशा ध्यासाला पुराणात विरोधभक्ती म्हणतात, शर्वरीबाई. तुमचं यंत्र भक्तीला फसलं."

"म्हणजे ही परीक्षा निकालात," आयुक्त म्हणाले. "प्रतिदेहाची भेट ग्राह्य धरावी लागेल."

शर्वरींनी मापकावरून मान वर केली. आवाज अगदी मऊ होता.

"मृण्मयी, जेवलीस का गं?"

एकाच डब्यातून दोघी जेवत, त्या वसतिगृहाच्या दिवसांनंतर हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. समोरचा चेहरा कोरा राहिला. पडदा तांबडा झाला.

"बघा साहेब," शर्वरी आयुक्तांकडे वळल्या. आवाज पुन्हा कोरडा झाला होता. "हिला माझं भांडण पाठ आहे, दुसरं काही नाही. परीक्षा भांडून घ्यायची नाही, एवढं कलम घाला. म्हाताऱ्या आईनं मायेनं काहीही विचारावं, बाहुलं तिथेच सापडेल. घ्या लिहून."

आयुक्त लिहू लागले. शर्वरी त्यांच्या खांद्यावरून शब्द तपासत होत्या.

मागे खुर्चीतल्या प्रतिदेहाचे डोळे भरून आले.

"नाही गं," तो म्हणाला. "अजून नाही जेवले."

"'मायेनं' नको," शर्वरी आयुक्तांना म्हणाल्या. "'अनपेक्षित प्रश्न' असं लिहा."